ज्याने पाहिले त्याने सांगावे

नाताळच्या आठवड्यात नगर, पुणे, मिरज, सोलापूर, वसई अशा कुठल्याही गावातल्या ख्रिस्ती घरातून शेजारी ताटे जातात. त्यांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि केकचा एक तुकडा असतो. दिवाळीत शेजारून आलेल्या फराळाला दिलेले ते उत्तर असते. शेजाऱ्याला आपल्या दारावरची चांदणी ठाऊक असते, मध्यरात्रीची उपासना ठाऊक असते, आपली मुले कोणत्या कोयरमध्ये गातात तेही ठाऊक असते. पण येशू ख्रिस्त या कुटुंबाचा कोण लागतो, त्याच्यामुळे या घरात नेमके काय बदलले, हे त्याला विचारले तर बहुधा सांगता येणार नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या शेजारात एकमेकांची लग्ने झाली, मयती झाल्या, कर्जाच्या आणि आजारपणाच्या गोष्टी बोलून झाल्या. एवढीच एक गोष्ट बोलायची राहिली. हे पुस्तक त्या राहून गेलेल्या गोष्टीसाठी आहे.

ते लिहिले आहे मंडळीतल्या साध्या माणसांसाठी. बँकेत नोकरी करणारे, रिक्षा चालवणारे, दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, घर सांभाळणाऱ्या बायका, कॉलेजात जाणारी मुले. ज्यांनी कधी धर्मशास्त्राच्या विद्यालयाची पायरी चढली नाही आणि ज्यांना व्यासपीठावर उभे राहिले की घाम फुटतो, तेच या पानांचे वाचक.

या माणसांच्या मनातल्या अडचणी मला खऱ्या वाटतात. आपल्याला शास्त्र पुरेसे येत नाही, समोरच्याने उलट प्रश्न केला तर काय सांगायचे? आपले स्वतःचे वागणे तरी कुठे इतके चांगले आहे? आणि सगळ्यांत मोठी भीती म्हणजे लोक म्हणतील, बाटवायला आला. आजच्या वातावरणात ही भीती पोकळ नाही. तिच्याकडे काणाडोळा करून नुसता उत्साह भरणारी पुस्तके पुष्कळ आहेत. ती वाचून माणूस आठवडाभर तापतो आणि मग पहिल्यापेक्षा अधिक गप्प होतो.

याखेरीज एक अडचण आपल्याला अडचण वाटतही नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. ‘ते पाळकांचे काम.’ कॅथलिक घरात म्हणतील, ‘ते फादरांचे काम.’ ही सवय आपल्याकडे कशी आली, हे समजण्यासारखे आहे. १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले. तेव्हापासून मराठी मुलखातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या ज्या रचनेत वाढल्या तिच्यात उपदेशक, शाळामास्तर, बायबलबाई ही सगळी नेमलेली, पगारी माणसे होती. नगर जिल्ह्यातल्या उन्हात गावोगाव पायी हिंडलेल्या या माणसांना मी हात जोडतो. त्यांच्याशिवाय आपली मंडळी नसती. पण त्या रचनेचा एक परिणाम मागे राहिला. सांगणारे वेगळे आणि बाकावर बसून ऐकणारे वेगळे, अशी वाटणी झाली. मिशनचा पैसा आटला, पगारी माणसे गेली, वाटणी मात्र तशीच राहिली.

पवित्र शास्त्रात ही वाटणी सापडत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काळजीपूर्वक वाचावा. स्तेफनाचा खून झाल्यावर यरुशलेममधल्या मंडळीवर छळ कोसळला आणि सगळे पांगले. लूक आवर्जून नोंदवतो की प्रेषित मागे राहिले. म्हणजे जे पळाले, ज्यांनी वाटेत भेटेल त्याला सुवार्ता सांगितली, ती सामान्य विश्वासी माणसे होती. घरदार सोडून निघालेली, डोक्यावर बोचकी घेतलेली. पुढे अकराव्या अध्यायात त्यांच्यातलेच काही, कुप्र आणि कुरेने इथले, अंत्युखियात पोचतात आणि यहुदी नसलेल्या लोकांशीही बोलू लागतात. ते कोण होते? लूकने एकाचेही नाव दिलेले नाही. यरुशलेमकरांना बातमी कळून त्यांनी बर्णबाला पाठवले तेव्हा तिथे मंडळी आधीच उभी होती. बर्णबा मग तार्सला जाऊन शौलाला, म्हणजेच पौलाला, घेऊन आला. ज्या मंडळीने पुढे पौलाला जगभर पाठवले, जिथे शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळाले, ती मंडळी अशा लोकांनी उभी केली ज्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत. पौलाच्या प्रवासांचे नकाशे आपण संडे स्कूलच्या भिंतीवर लावतो. या माणसांचा नकाशा काढायचा म्हटले तरी काढता येणार नाही.

भारताच्या इतिहासातही असे घडले आहे. १८७३ साली पंजाबात सियालकोट इथे सॅम्युएल मार्टिन या मिशनऱ्यासमोर दित्त नावाचा माणूस येऊन उभा राहिला. चुहडा या अस्पृश्य मानलेल्या जातीतला, पायाने अधू, निरक्षर, गावोगाव कातडी विकत घेऊन ती विकणारा. त्याला घेऊन आला होता नट्टू नावाचा एक जाट तरुण. नट्टू स्वतः ख्रिस्ती झाला होता, पण त्याच्याकडून मिशनला फार आशा उरली नव्हती. दुबळा भाऊ म्हणूनच त्याची आठवण नोंदली गेली आहे. दित्तने बाप्तिस्मा मागितला. मार्टिनने त्याला थोडे थांबायला, शिकायला सांगितले असते तर ते रीतीला धरून झाले असते. पण दित्तला शास्त्रातले मुख्य ते समजले आहे, हे पाहून त्याने बाप्तिस्मा दिला. नंतर दित्त म्हणाला, मी घरी जातो. मार्टिनला हे रुचले नाही. नवा विश्वासी एकटाच जुन्या वस्तीत गेला तर टिकेल कसा?

दित्त गेला. घरच्यांनी आणि जातभाईंनी आधी त्याची हेटाळणी केली. काही महिन्यांनी तो परत आला तो बायको, मुलगी आणि दोन शेजारी यांना बरोबर घेऊन, सुमारे तीस मैल चालत. त्यांना त्याने घरीच शिकवले होते. मग तो पुन्हा आपल्या धंद्याला लागला. कातडी गोळा करायला ज्या गावांत जायचे तिथेच बसून बोलायचे, ही त्याची पद्धत. त्यातून पंजाबात जी चळवळ उभी राहिली तिने काही दशकांत हजारो कुटुंबे मंडळीत आणली. आजच्या पाकिस्तानातल्या ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग त्या चळवळीचा वारस आहे. मिशनच्या योजनेत हे कुठेच नव्हते. मार्टिनचे मोठेपण एवढेच आणि तेवढे पुरेसे की त्याने दित्तला अडवले नाही.

आपण नट्टूकडेही थोडे पाहावे असे मला वाटते. ‘माझे जगणे कुठे तेवढे चांगले आहे’ असे म्हणून जे गप्प बसतात त्यांच्यासाठी तो महत्त्वाचा आहे. तो आदर्श ख्रिस्ती नव्हता. त्याने एका माणसाला बरोबर घेतले आणि योग्य दारापर्यंत आणून सोडले. योहानाच्या शुभवर्तमानात आंद्रिया हेच करतो. शिमोनाला गाठतो, येशूकडे घेऊन येतो आणि बाजूला होतो.

मराठी वाचकाला टिळकांच्या गाडीतल्या प्रवासाची हकिकत सांगायची गरज नसावी, तरी ती इथे हवीच. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्यावर. त्या गृहस्थांनी टिळकांची विद्वत्ता ओळखली, आदराने ऐकून घेतले, मग ख्रिस्ताबद्दल बोलले आणि उतरण्यापूर्वी नव्या कराराची एक प्रत हातात दिली. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाले. टिळकांना तेव्हा ते बोलणे अवास्तव वाटले. पुढे डोंगरावरील प्रवचन वाचताना त्यांना पुस्तक खाली ठेववेना आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरच्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला भजने दिली, अभंग दिले, आपल्या मातीतला स्वर दिला. त्या सहप्रवाशाचे नाव आज किती जणांना सांगता येईल?

या प्रसंगात लोकांना भाकितच लक्षात राहते. मला त्याआधीचा तास अधिक मोलाचा वाटतो. समोरच्याला काय आवडते, हे त्या माणसाने आधी जाणून घेतले. भवभूती आणि कालिदास हा त्याच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय नव्हता. समोर बसलेला मनुष्य आपल्या धर्मात मुरलेला, स्वाभिमानी, बुद्धिमान आहे, हे कळल्यावरही तो वादात शिरला नाही, की त्याच्या श्रद्धेला नावे ठेवली नाहीत. टिळकांसारख्या तापट माणसापुढे तसे काही केले असते तर पुस्तक खिडकीबाहेर गेले असते.

वादाची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. १८३० च्या सुमारास मुंबईत जॉन विल्सन आणि शास्त्रीमंडळी यांचे जाहीर वादविवाद झाले. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्या सभा समुद्रकिनारी भरत. खंडनाला मंडन आणि त्याला पुन्हा खंडन अशी पुस्तके निघत राहिली. मराठी गद्याला त्यातून धार आली, हे मान्य. पण श्रोते ज्या बाजूने आले त्याच बाजूने घरी गेले, थोडे अधिक कडवे होऊन. याला अपवाद आहेत आणि ते लपवू नयेत. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाले, त्यासाठी संस्कृतात ग्रंथ लिहिला आणि अभ्यास करता करता १८४८ मध्ये स्वतःच ख्रिस्ती झाले. ज्याची शंका बुद्धीची आहे त्याला बुद्धीचे उत्तर मिळाले पाहिजे, त्यासाठी अभ्यास केलेली माणसे मंडळीत हवीतच. पण दहा शेजाऱ्यांपैकी नऊ जणांचा प्रश्न तो नसतो. त्यांना तुमचे काय झाले ते ऐकायचे असते.

योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध घ्या. परुशी त्याच्यापुढे येशूविषयी धर्मशास्त्राचा पेच टाकतात. तो पेच त्याला सुटत नाही आणि तो तसे मोकळेपणाने सांगतो. आपण आंधळे होतो आणि आता आपल्याला दिसते, एवढ्या एका गोष्टीवर मात्र तो ठाम राहतो. साक्षीदाराचे काम एवढेच असते. न्यायालयात साक्षीदाराला कायदा यावा लागत नाही. त्याने जे पाहिले तेच सांगायचे असते, ऐकीव नव्हे, वाढवून नव्हे. मार्काच्या पाचव्या अध्यायात भूतबाधेतून मोकळा झालेला माणूस येशूबरोबर होडीत बसू पाहतो. येशू त्याला घेत नाही. घरी, आपल्या माणसांत जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते सांग, असे सांगतो. काल शुद्धीवर आलेला तो मनुष्य. त्याचे ना प्रशिक्षण झाले ना नेमणूक. तरी त्याने दहा नगरांच्या प्रदेशात सांगायला सुरुवात केली. शोमरोनी स्त्रीची गोष्ट तर गावात जिचे तोंड कोणी पाहत नव्हते तिची आहे. तिने घागर तिथेच टाकली आणि ज्या लोकांना ती चुकवत होती त्यांच्यातच गेली.

मात्र घरी सांगणे सर्वांत अवघड असते, हे कबूल केले पाहिजे. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचले आहे त्यांना तो काळ आठवेल. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे-ओवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी चालू होते. मोठमोठ्या सभा जिंकणाऱ्या वक्त्याची पत्नी त्याच्या वक्तृत्वाने बदलली नाही. बदल झाला तो तिच्या तिच्या विचाराने, तिच्या तिच्या गतीने. आधी जातीचा अहंकार गळाला, मग बाकीचे. टिळकांना आतून किती घाई झाली असेल! तरी तिच्या निर्णयाची वाट पाहण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता. जी बाई धाकात किंवा भिडेने हो म्हणाली असती ती पुढे अशा मोकळ्या, खरेपणाने भरलेल्या शब्दांत आपले आयुष्य लिहू शकली नसती. ज्यांच्या घरात नवरा, सासू किंवा मुलगा विश्वासात नाही त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे.

आता ‘बाटवणे’ या आरोपाविषयी. आपल्या राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला विवेकाचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ‘प्रसार’ राहावा की काढावा यावर चर्चा झाली, तेव्हा तो राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते. ते ख्रिस्ती नव्हते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की आपला विश्वास दुसऱ्याला समजावून सांगणे वेगळे आणि दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क सांगणे वेगळे. अनेक राज्यांत बळ, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध कायदे आहेत. आपल्या राज्यातला नियम काय आहे, हे प्रत्येक मंडळीने जाणत्या वकिलाकडून नीट समजून घ्यावे आणि पाळावे.

पण कायदा नसता तरी आमिष आपल्याला वर्ज्यच असते. तांदळाची गोणी देताना, फी भरताना, रुग्णाच्या उशाशी बसताना मनात हिशेब असेल तर ती मदतही खोटी आणि ती सुवार्ताही खोटी. भुकेल्याला जेवण द्यायचे ते तो भुकेला आहे म्हणून. तो उद्या मंदिरात गेला, मशिदीत गेला, कुठेच गेला नाही, तरी परवा पुन्हा द्यायचे. तसेच दुसऱ्याच्या देवाला, संतांना, सणांना हिणवून येशूचे नाव मोठे होत नाही. आपल्यातले काही जण हे करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर तसले संदेश पुढे ढकलतात. ते ताबडतोब थांबले पाहिजे. शेजाऱ्याच्या लहान मुलांना आईवडिलांच्या नकळत शिकवणेही तसेच चुकीचे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगतो तेव्हा सौम्यता आणि आदर या दोन अटी घालतो. मार्काच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशूला त्याच्याविषयी प्रेम वाटले असे तिथे लिहिले आहे, तरी तो त्याच्यामागे धावत नाही, अटी सौम्य करत नाही. नकार देण्याचा समोरच्याचा हक्क ज्याला मनापासून मान्य आहे त्यानेच या कामात पडावे.

पेत्राच्या त्या वाक्यात आणखी एक गृहीत आहे, ते म्हणजे कोणीतरी विचारणार. लोक खरोखर विचारतात. ऑफिसातली ख्रिस्ती सहकारी कोणाची चहाडी करत नाही, चुकीच्या कागदावर सही करायला नकार देते, मूल गेल्यावरही तिला प्रार्थना करता येते, हे बाकीच्यांच्या नजरेतून सुटत नाही. आणि संकट आले की आपले हिंदू, बौद्ध, मुस्लिम शेजारी किती सहज म्हणतात, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा हो!’ आपण ‘हो, नक्की’ म्हणतो आणि पुढे जातो. तिथेच थांबून, परवानगी विचारून, त्यांच्यासमोर दोन वाक्यांची प्रार्थना करता येते. चार दिवसांनी ‘कसे आहेत बाबा?’ असे विचारता येते. या पुस्तकातला एक पूर्ण धडा एवढ्यावरच बेतला आहे आणि माझ्या मते तो सर्वांत उपयोगी आहे.

भाषेबद्दल थोडे. चर्चमधली आपली बोली बाहेरच्याला कळत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ऐकून आपल्याला ती गोड वाटते, पण लोकलमध्ये शेजारी बसलेल्या मित्रापुढे ती तशीच वापरली तर तो सौजन्याने मान हलवेल आणि विषय बदलेल. पंडिता रमाबाईंना हे फार लवकर उमगले. संस्कृतची एवढी मोठी पंडिता, पण केडगावच्या मुक्तिसदनात तिने पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले ते खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला समजावे म्हणून. त्यासाठी ती हिब्रू आणि ग्रीक शिकली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनी केले, ज्यांना समाजाने टाकून दिले होते त्या स्त्रियांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हा त्याच कळकळीचा आपल्या काळातला आविष्कार. त्याला साहित्य अकादमीचा २०१३ चा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ख्रिस्ती नसलेल्या कितीतरी वाचकांच्या कपाटात ते पोचले.

या पुस्तकातले धडे प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक दोघांनाही वापरता येतील, असा प्रयत्न आहे. सर्व विश्वासी याजक आहेत ही लूथरची शिकवण आणि प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये काढलेला स्वतंत्र हुकूमनामा, यांच्यात भेद असतील ते असोत. साध्या माणसाला घरी, शेतात, कारखान्यात साक्ष द्यायची आहे, यावर दोघांचे एकमत आहे.

धडे एकट्याने वाचू नयेत. पाच-सहा जणांनी कोणाच्या तरी घरी बसावे. पहिल्या बैठकीत हे पुस्तक बाजूला ठेवून मार्काचे शुभवर्तमान मोठ्याने, आळीपाळीने, सलग वाचावे. सोळा अध्याय आहेत, सुमारे दोन तास लागतात. आपल्यापैकी बहुतेकांनी ते तुकड्यातुकड्यांनीच ऐकलेले असते आणि ज्याच्याविषयी बोलायचे तो पुरुष सबंध असा डोळ्यांसमोर उभा राहिलेला नसतो. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने आपली स्वतःची हकिकत पाच मिनिटांत सांगावी, चर्चमधला एकही घोटलेला शब्द न वापरता. इतरांनी मध्ये बोलू नये. जिथे कळले नाही तिथे नंतर विचारावे. काहींना त्या पाच मिनिटांत सांगण्याजोगे काही सापडणार नाही. त्यांनी घाबरून जाऊ नये आणि गटातल्यांनीही त्यांना घाई करू नये. तिसऱ्या बैठकीपर्यंत प्रत्येकाने ज्यांच्याशी आपला खरा घरोबा आहे अशा तीन माणसांची नावे वहीत लिहावीत, रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करावी आणि त्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाच्या घरी जावे. त्या भेटीत ख्रिस्ताचा विषय मुद्दाम काढू नये. त्यांचे काय चालले आहे ते विचारावे आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.